विमलअक्कांच्या छातीतली गाठ

भडगावला आमच्या शेजारी राहणाऱ्या विमलअक्का भाकरीचा पहिला घास गल्लीतल्या कुत्र्यांना भरवत आणि त्याच हाताने दुसरा स्वतः खात. कुणी नाक मुरडलं की म्हणत, "मानूसपेक्षा कुत्रं बरं. पोटमा एक, तोंडमा एक नही ऱ्हास त्यानं."

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्यांचा मुलगा अनिल त्यांना जळगावला घेऊन गेला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गोल सावली दिसली. "कॅन्सर असू शकतो. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा," डॉक्टर म्हणाले. अनिलने आईला सांगितलं, कफ साठलाय. कुणाच्या तोंडून तो शब्द निसटेल, या धास्तीने त्याने अक्कांना मागच्या खोलीत ठेवलं. आलेल्यांना तो दारातूनच परतवून लावी. धुळ्याचं नाव काढलं की म्हणे, "पाहू पुढच्या आठवड्यात."

आत जायची मुभा मला तेवढी होती. एकदा अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. "बठ्ठा लोके मना तोंडकडे देखीसन रडतस. कोनी काहीच सांगत नही. तू तरी खरं सांग, माय."

मी सांगितलं. त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "अनिलले बलाव. धुयाले जाऊत."

धुळ्याच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिला आणि भलताच प्रश्न विचारला, "आजी, कुत्री पाळता?"

"पाळत नही. जेवाडस."

रक्ताच्या तपासणीनंतर त्यांनी उलगडून सांगितलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी हातावाटे आपल्या पोटात जातात आणि फुप्फुसात अशी पाण्याने भरलेली गाठ धरते. दिसते कॅन्सरसारखी. ऑपरेशन झालं, काढलेल्या गाठीतही जंतच निघाला. अनिल दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडला.

अक्का घरी आल्या, तर त्या पुन्हा कुत्र्यांकडे जाऊ नयेत म्हणून अनिलने ओट्याला नवीन जाळीचं दार बसवलेलं आणि कडी बाहेरून. पुढे फेरतपासणीला गेल्यावर डॉक्टर अनिलदेखत म्हणाले, "कुत्र्यांना जंताचं औषध द्या, हात साबणाने धुवा आणि खुशाल फिरा." अनिलने मान डोलावली. घरी येताच पुन्हा कडी घातली.

मी गेले तेव्हा अक्का जाळीला बोटं अडकवून उभ्या होत्या. बाहेर कुत्री शेपट्या हलवत होती. आवाज न चढवता त्या मुलाला म्हणाल्या, "मरनारले कोंडं, ते समजनं माले. जगनारले कसाले कोंडतस?"

अनिलने कडी काढली नाही.