मुलुंडच्या विसाव्यापर्यंत

अंधेरीहून निघायचं ठरलं ते माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, एका चुकीमुळे. ती तेव्हा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. वर्षाच्या कामासाठी तिनं विसाव्याचा मंडप निवडला होता. स्मशानाच्या वाटेवर तिरडी घटकाभर खाली ठेवतात, त्या जागेवरचं छप्पर. कल्पना वडाची. पारंब्यांसारखे खांब, पानांतून गळल्यासारखा उजेड. सरांनी नकाशा पाहून विचारलं, "आणि खांदेकरी फिरणार कुठून?"

विसाव्यावर पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आमच्यात बायका उंबऱ्यापर्यंतच. त्याच्या आदल्या वर्षी तिचे वडील गेले, तेव्हा आम्ही दोघी दारातच थांबलो होतो.

सोमवारी सुधारलेला नकाशा दाखवायचा होता, नाहीतर वर्ष बुडणार. हाताशी शनिवार-रविवार होते.

शनिवारी बोरिवलीची बस धरली. तिथल्या जंगलात जाणार असाल तर पाणी घरूनच न्या. फाटकाबाहेर काकडीपलीकडे काही मिळत नाही. मुक्तानं एक जुना वड गाठला आणि पारंब्यांमधली अंतरं मोजत बसली. मग एकदम जमिनीवर उताणी पडली, हात अंगालगत.

"आई, तिरडीवरून असंच दिसत असेल ना गं?"

"ऊठ आधी," मी ओरडले. तिच्या केसांतली माती झटकली. मग भाकरी आणि चटणी खाल्ली.

रविवारी मुलुंड, खरा विसावा बघायला. तिथल्या चाळीत आम्ही अठरा वर्षं राहिलो. हे गेल्यावर अंधेरीला भावाकडे आलो. घाटकोपरला बस बदलावी लागते आणि पुढचा आग्रा रोड हाडं खिळखिळी करतो. शेजारच्या बाईंनी डबा बघून विचारलं, "सहलीला वाटतं?"

"स्मशानात," मुक्ता म्हणाली.

बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली. आम्ही दोघी हसलो. वर्षभरात पहिल्यांदाच.

चाळीतले आमचे शेजारी सावंतभावजी मुक्ताच्या वडिलांना, त्यांच्या 'भाऊं'ना, खांदा द्यायला होते. आम्हाला बघून ते दचकले. "वहिनी, तुमी? हय कित्याक इलात?" कारण कळल्यावर मान हलवत म्हणाले, "बायलमाणसां थय येनत नाय गो." तरी चपला घालून पुढे निघाले.

विसावा म्हणजे रस्त्याच्या वळणावरचा एक चपटा दगड. समोर कारखान्याची भिंत, गवत करपलेलं. वर्षभर मी मनात तिथे झाड लावून ठेवलं होतं. तिथे सावलीसुद्धा नव्हती.

"भाऊंक हयच ठेवलेले," भावजी हळूच म्हणाले. "मी पुढे होतंय, उजवीकडे."

"मग मागे कसे गेलात? करून दाखवा ना काका."

"येकट्यान कसा दाखवू?"

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला आणि दगडाच्या मागच्या अंगाला उभी राहिले. भावजी पुढून मागे आले, मी मागून पुढे गेले. दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं, तरी आम्ही सांभाळून चाललो. मुक्ता खडूनं खुणा करत होती. पुढे पोचल्यावर मला बसायला हवं होतं. बसायला जागा शोधली; दगडावर बसणं शक्यच नव्हतं. मी रस्त्यातच बसले.

घरी येऊन तिनं खांब लांब सरकवले, आणि बाहेरच्या पारंबीशी एक कट्टा आखला. बायकांसाठी. सोमवारी परीक्षकांना खांब पटले. "पण बायका येतातच कुठे तिथे? हा कट्टा पुसून उद्या आण, पास करू."

"पुसू?" संध्याकाळी तिनं विचारलं. रबर हातात होतं.

"तुझं वर्ष आहे," मी म्हटलं.

"तुला विचारतेय."

"मला बसायला लागलं होतं गं," एवढंच माझ्या तोंडून आलं.

तिनं रबर ठेवून दिलं.

यंदा ती पुन्हा चौथ्याच वर्षाला आहे. मैत्रिणी पुढे गेल्या. त्यांचं येणं कमी झालं. भाऊ मला बोल लावतो. काल तिनं नवा कागद फळीवर ताणला. सगळ्यात आधी कट्टा आखला. खांब अजून यायचेत.