अरे-तुरेचा मान

दातवाल्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हसण्यापायी गेलं, पण त्याला स्वतःला हसताना फार थोड्यांनी पाहिलं असेल.

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या जबड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवत. त्यांत तो प्लास्टर ओतायचा, जबडा काढायचा, त्यावर मेणाची हिरडी उभी करायचा आणि एकेक दात जागच्या जागी बसवायचा. घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली लांब ओटा होता. त्यावर स्पिरिटचा दिवा, घासायचं यंत्र, आणि वरच्या फळीवर ओळीनं मांडलेले पांढरे जबडे. काम पक्कं होतं. दिलेला वायदा चुकला नाही, की कुणाची कवळी सैल म्हणून परत आली नाही. पण ठसा नीट नसला की तो तसाच माघारी जायचा, आणि बरोबर निरोप : "हा जबडा आहे का चिखलातलं पाऊल?" डॉक्टरमंडळी त्याच्याशी कामापुरतं बोलत आणि काढता पाय घेत. लोक आपल्याला टरकतात म्हणजे आपल्याला मान आहे, असा त्याचा सरळ हिशेब होता.

बायको पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करायची. कुणाची कंबर सैल करून दे, कुणाची बाही आखूड कर. गिऱ्हाईक पायरी उतरलं की ती त्याची नक्कल करायची, आणि ती इतकी हुबेहूब की उतरलेलं माणूस परत आलं की काय असं वाटावं. तिच्या धाकट्या बहिणीला ही कला ठाऊक होती. ती वाचनालयात नोकरीला होती. एका रविवारी ती एक जाडजूड नियमांचं पुस्तक आणि फाशांची पिशवी घेऊन आली.

"ताई, हा खेळ सांगणाऱ्यावर चालतो. आम्ही तिघं सोंगं घेणार, जंगलं तुडवणार, आणि वाटेत जे कोण भेटेल ते सगळं तू."

"सगळं म्हणजे?"

"राक्षस, लुटारू, राण्या, पहारेकरी. सगळे शत्रू तू एकटी."

"लग्नानंतर तेच तर करतेय," ताई म्हणाली, आणि खेळ सुरू झाला.

तिघांत एक ही मेहुणी, दुसरा दातवाला आणि तिसरा चष्मेवाला. दातवाल्याचा शाळेपासूनचा मित्र. बायको वारल्यापासून रविवारी दुपारी जेवायला इकडेच. त्याच्या दुकानात आलेल्या माणसाला कुठलीही चौकट लावली तरी तो दोन पावलं मागं सरायचा आणि म्हणायचा, "अरे वा! आता कुठे तुमचा चेहरा पूर्ण झाला." माणूस दोन चष्मे घेऊन जायचा. त्याचे दात सगळे स्वतःचे होते. एक सुळा जरासा तिरका, आणि त्या तिरकेपणानंच ते हसू जास्त गोड व्हायचं. दातवाल्यानं जन्मभर हजारो दात सरळ रेषेत बसवले होते. तो एक तिरका सुळा त्याला फार पूर्वीपासून खुपत होता.

ताईनं जाडं पुस्तक वाचून आपल्या सोयीनं कापलं, शिवलं. प्रत्येक शत्रू म्हणजे तिच्या डब्यातलं एक बटण. बटण सुलटं असेल तोवर शत्रू हत्यार उगारून उभा. उलटं केलं की त्याचा राग गेला. राग जायला दोन गोष्टी लागत. एक 'नाव', म्हणजे तुमच्या करणीची जी काही ख्याती तुमच्या आधी पुढच्या गावात पोचली असेल ती. ते प्रत्येक करणीनं वाढे किंवा बुडे. दुसरी 'गोडी', ती सुरुवातीलाच ठरवून घ्यायची. प्रत्येकाला गुणांची सारखीच शिदोरी दिलेली होती. दातवाल्यानं आपल्या पोलाद नावाच्या योद्ध्याला सगळं बळ आणि सगळी ढाल दिली.

"आणि गोडी?" मेहुणीनं विचारलं.

"गोडी घेऊन काय करू? सरबत करायचंय?"

चष्मेवाल्यानं उलट केलं. त्याचा शीळवाला काठीच्या भारानंसुद्धा वाकायचा, पण हिरवा झगा घालून शीळ घालत चालायचा आणि बोलायला लागला की समोरचा वितळायचा.

पहिल्या काही रविवारी दातवाला खुशीत होता. पोलादनं खिंडीत लुटारूंना कापून काढलं. शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. त्याचं नाव दूरवर गेलं. आता शत्रू आपल्याला पाहताच पळत सुटणार, अशी त्याची समजूत. झालं भलतंच. पुढच्या गावात त्याला पाहताच सगळी बटणं सुलटी. म्हातारेकोतारेसुद्धा विळे घेऊन धावले.

"हे काय?" तो चिडून म्हणाला. "माझं नाव एवढं मोठं, आणि यांना भीती नाही?"

"भीती आहे हो," बायको म्हणाली. "पण शरण जाऊनही तुम्ही मारताच, हे त्यांना कळलंय. मग पळून तरी काय करायचं? मरायचंच तर लढून मरू म्हणतात."

त्याच गावाच्या दुसऱ्या वेशीतून शीळवाला आत गेला. त्यानं एका पहारेकऱ्याला नुसतं विचारलं, "सकाळपासून उभे आहात, पाय दुखत नाहीत?" आणि टप टप टप बटणं उलटी झाली. बायको पहारेकऱ्याच्या आवाजात हसून म्हणाली, "या, बसा. आमची विचारपूस करणारे तुम्ही पहिलेच." आणि मग स्वतःच्या आवाजात हसली. दातवाल्याला ते दुसरं हसू टोचलं. पहिलं शत्रूचं होतं, त्याला हरकत नव्हती. दुसरं घरातलं होतं.

त्यानं एक बारीक गोष्ट टिपून ठेवली. एरवी बायको त्याला 'अहो' म्हणे, 'तुम्ही' म्हणे. खेळात मात्र शत्रू झाली की तिला मुभा होती. "अरे ए पोलाद! कुत्र्या, थांब तिथंच!" हे तिच्याच तोंडून यायचं, आणि भलत्या कसदार आवाजात. पहिल्यांदा त्याला गंमत वाटली. पण चष्मेवाल्याला शत्रूसुद्धा 'आपण' म्हणायचे, 'या, बसा' म्हणायचे, आणि त्याच्या वाट्याला नुसती अरे-तुरे. आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर.

मग तो रविवार आला. डोंगरकिल्ल्याची लुटारू राणी. तिच्यापुढे शीळवाल्यानं असं काही भाषण केलं की मेहुणीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. फासाही मेला त्याच्याच बाजूचा. बायकोनं राणीचं मोठं शिंपल्याचं बटण सावकाश उलटं केलं, मान जरा तिरकी केली आणि अगदी हळू म्हणाली, "तू पुन्हा ये हं."

तू.

दातवाल्याच्या हातातला फासा टेबलाखाली पडला. तो शोधायच्या मिषानं तो बराच वेळ खालीच राहिला. तिच्या तोंडचा 'तू' त्याला आजवर फक्त शिवीसकट मिळाला होता. असा मऊ, मान तिरकी केलेला 'तू' त्याच्या घरात आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि तो मिळाला कुणाला? काठी न पेलणाऱ्याला.

तो दोन दिवस धुमसत राहिला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं एकदा गोडीचा प्रयोग करून पाहिला. "आज तू... छान दिसतेस," तो म्हणाला.

बायकोनं हातातली परात खाली ठेवली. "कुठल्या डॉक्टरचं काम बिघडलं?"

"कुणाचं नाही."

"मग ताप आहे का?" तिनं कपाळाला हात लावून पाहिला. तो तणतणत मागच्या खोलीत गेला आणि एका निष्पाप कवळीला नको तितकी चकाकी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पुढच्या खोलीत आला. ती कुणाच्या तरी झग्याची शिवण उसवत होती.

"मला एक चाल सांगायची आहे. एकट्यात." खेळाचा नियमच होता तसा : गुपचूप काही करायचं तर रविवारच्या आधी सांगणाऱ्याला सांगायचं, बाकीच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

"सांगा."

"शीळवाला झोपलेला असताना पोलाद त्याचा हिरवा झगा घेतो. धुक्यातून राणीच्या माणसांच्या गावात जातो, त्यांचं धान्याचं कोठार पेटवतो आणि परत येतो. झगा होता तिथं ठेवतो."

तिची कात्री थांबली. "झगा कशाला?"

"थंडी असते."

"शीळ घालणार?"

तो जरा घुटमळला. "घालणार."

"तुम्हांला शीळ घालता येते?"

"पोलादला येते."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता कळलं. जी गोष्ट जगात फक्त हिच्यापासून लपवायची होती, ती नियमाप्रमाणे फक्त हिलाच येऊन सांगितली होती. पण बोललेलं आता गिळता येईना.

"का पण?" तिनं विचारलं.

"डावपेच आहे."

"बरं," ती म्हणाली. तिनं पेटीतून फासा काढला, कापडावर टाकला, पाहिला. "पेटलं कोठार." आणि पुन्हा शिवण उसवू लागली. हसली नाही, रागावली नाही. तेच त्याला जड गेलं. पुढचे सगळे दिवस ती 'अहो' म्हणाली, 'तुम्ही' म्हणाली, पानात वाढलं, आणि एक अवाक्षर काढलं नाही.

रविवारी तिघं पुन्हा डोंगरकिल्ल्याच्या दारापाशी आले. आत शिरायचं तर राणीच्या माणसांतूनच वाट होती. चष्मेवाला खुशाल टेकून बसला.

"मी पुढं होतो. आपली ओळख आहे इथं. वहिनी, शीळवाला शीळ घालत दारात जातो आणि म्हणतो, राणीसाहेब, बोलावलं होतंत, आलो."

बायकोनं डबा उघडला. एकामागून एक बटण मांडत गेली. सगळी सुलटी. शेवटी शिंपल्याचं मोठं बटण, तेही सुलटं.

"तटावर धनुष्यं ताणलेली आहेत," ती राणीच्या आवाजात म्हणाली. "कोठार जाळणारा हाच. झगा पाहिलाय आमच्या लोकांनी. शीळ ऐकलीय."

"मी?" चष्मेवाला खरोखरच गोंधळला. "अहो वहिनी, मी कधी? मी झोपलो होतो ना?"

"झोपला होतास का?" राणी म्हणाली. "आमची पोरं उपाशी झोपलीत."

"फासा टाका, भावोजी," मेहुणी घाईघाईनं म्हणाली. "गोडी आहे तुमची भरपूर."

त्यानं टाकला. चांगला पडला. बायकोनं मान हलवली. "गोडी ओळख नसलेल्यांवर चालते. ज्यांचं धान्य जळलं त्यांच्यापुढे आधी नाव बघतात, आणि नाव बुडालंय. पहिला बाण खांद्यात."

चष्मेवाल्याचा चेहरा असा उतरला की जणू दुकानात कुणी त्याला खोटारडा म्हटलं. दातवाल्यानं याच क्षणाची वाट पाहिली होती. तो चवीनं बघायला बसला, पण चव काही लागेना. तिरका सुळा कुठं दिसत नव्हता. दुसरा बाण लागला तर शीळवाला मरणार होता, आणि दर रविवारी जेवायला येणारा तो शाळेतला मित्र वेड्यासारखा आपल्या कागदाकडे पाहत होता.

"थांबा," दातवाला म्हणाला. "पोलाद पुढं होतो. ढाल धरतो याच्यासमोर. म्हणतो, कोठार यानं नाही जाळलं."

"मग कुणी?" राणीनं विचारलं. बायको त्याच्या डोळ्यांत बघत होती.

त्यानं घसा साफ केला. "एक भटका होता. चोर. झगा चोरून नेला त्यानं. फार... फार वाईट माणूस. आम्हांला पण त्रास देऊन गेला. राणीसाहेब, आपण तर किती... सुज्ञ आहात." 'सुज्ञ' म्हणताना त्यानं मानसुद्धा तिरकी करून पाहिली.

मेहुणीनं तोंडाला पदर लावला.

"फासा टाक," राणी म्हणाली.

"कशाला? मी सांगतोय ना!"

"गोड बोललास तर फासा लागतो. आणि तुझी गोडी आहे शून्य. पोलाद मारतो, जाळतो, पण खोटं बोलत नाही, हे तुझं नाव होतं. खरं बोलला असतास तर मी नुसत्या नावावर सोडलं असतं."

त्यानं फासा टाकला. तो एकावर बसला.

"चोर तूच," राणी म्हणाली.

चष्मेवाल्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग मित्राकडे. हळूहळू त्याला उलगडा झाला. "लेका, माझा झगा तुला आखूड नाही झाला?"

"काखेत दाटला," दातवाला पुटपुटला. कान लाल झाले होते.

"आणि शीळ? तुला येते? शाळेत तर नुसती थुंकी उडायची!"

मेहुणीला हसू आवरेना. पण बायको हसत नव्हती. तिनं शीळवाल्यासमोरची सगळी बटणं उचलली आणि एकेक करून पोलादच्या भोवती रचली. मोठं शिंपल्याचं बटण अगदी समोर, त्याच्या बोटांना लागेल इतकं जवळ. मग बाह्या वर सारल्या आणि खुर्ची पुढं ओढली.

"आता सांग," ती म्हणाली. आवाज राणीचा होता की नाही, ते नीट कळलं नाही. "काय मिळालं तुला? बोल ना. माझ्या माणसांचं पोट जाळून काय हवं होतं तुला?"

"काही नाही."

"ढाल वर घे. हा एक." फासा पडला. "लागला. दुसरा. तोही लागला. पळतोस?"

"नाही पळत."

"पळूच नकोस. मला अजून पुष्कळ विचारायचंय तुला."

त्यानं ढाल धरली आणि तो मार खात राहिला. तिचं लक्ष दुसरीकडे जात नव्हतं. तिच्या कपाळावर घाम होता, केसांची बट सुटली होती, आणि एकामागून एक 'तू' त्याच्यावर येऊन आदळत होते. पोलादची ताकद निम्म्यावर आली. माघार घ्यायची वाट अजून मोकळी होती, मेहुणी ती बोटानं दाखवत होती. त्यानं तिकडं पाहिलं नाही.

"वहिनी," चष्मेवाला मध्येच म्हणाला, "शीळवाला जरा बोलून बघू का? अजून गोडी आहे माझ्याकडं."

"थांबा हो, भावोजी," ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली आणि पुढचा फासा उचलला. "माझं ह्याच्याशी चाललंय."