न भाजणारे पाय

"डोळे मिटा, आणि काही लागलं की 'हो' म्हणा," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे मिटले. पायाशी त्यांची काहीतरी हालचाल चालली होती. मी वाट बघत पडून राहिलो. बराच वेळ गेला तेव्हा म्हणालो, "डॉक्टर, करा ना सुरू."

"झालं," ते म्हणाले. "दोन्ही पाय तपासून झाले."

त्यांच्या हातात नायलॉनचा एक ताठ धागा होता. तो माझ्या तळपायावर ठिकठिकाणी टेकवून त्यांनी पाहिला होता. मला एकदाही कळलं नव्हतं. शेजारी उभी असलेली माझी बायको सुनंदा मात्र तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होती.

कागदावर त्यांनी 'डायबेटिक न्यूरोपॅथी' असं लिहिलं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक नसा मरत जातात, आणि सुरुवात पायापासून होते. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग काहीच नाही. माझ्या उजव्या तळव्याला भाजल्याची जखम होती. ती आत चिघळत हाडापर्यंत गेली होती.

"एवढं भाजेपर्यंत चालत कसे राहिलात?" डॉक्टरांनी विचारलं.

गप्प बसायची मला सवयच आहे. त्या प्रश्नाचं उत्तर इथे देतो, कारण हे वाचणाऱ्यांत चर्चचे पाळक असतील, मंडळीचा कारभार बघणारे वडील असतील, आणि तुमच्यातल्या कुणी तरी आज सकाळची गोळी चोरून घेतली असेल.

मी चौसाळ्याजवळच्या एका गावात पाळक आहे. दुष्काळात दूध सोसायटी बंद पडली. जनावरंच छावणीत गेली, मग दूध कुठलं? सोसायटीची रिकामी खोली आम्हाला उपासनेला मिळाली. दुधाच्या कॅनचे गोल डाग फरशीवर अजून आहेत. त्यांच्यावरच सतरंजी अंथरून आम्ही बसतो.

दुष्काळाच्या आधीची गोष्ट. एका मोठ्या सभेत बाहेरगावचा प्रचारक आला होता. माझा रक्ताचा रिपोर्ट नुकताच चांगला आला होता. कुणीतरी त्याच्या कानात ते सांगितलं, आणि त्यानं मला पुढे बोलावलं. हातात माईक आला. समोर माझीच माणसं. मी म्हणालो, "प्रभूनं माझी साखर काढून टाकली." टाळ्या झाल्या, बायका रडल्या. रिपोर्ट गोळ्यांमुळे चांगला आला होता, आणि त्या दिवशी सकाळीही मी गोळी घेऊनच निघालो होतो.

खोटं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. त्या क्षणी मला ते खरंच वाटलं. पण साक्ष एकदा दिली की ती परत घेता येत नाही, निदान मला तरी आली नाही. चौसाळ्याचा मेडिकलवाला मंडळीतल्या निम्म्या लोकांना ओळखतो, म्हणून मी बीडला जाऊन गोळ्या आणू लागलो. त्याही जमेल तशा. कधी संपल्या तर तशाच राहू दिल्या. पायाला मुंग्या येऊ लागल्या, मग त्याही थांबल्या. बरं वाटलं म्हणून थांबल्या, अशी मी समजूत करून घेतली. एकदा घरी आलो तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठे सुटली ते कळलंच नाही. सुनंदा म्हणाली, "अहो, दवाखान्यात चला." मी म्हणालो, "कुणी बघितलं तर?"

मग दुष्काळ पडला आणि पावसासाठी साखळी उपवास ठरला. दुसऱ्यांच्या वाटचे उपवासही मीच धरले, कारण लोक टँकरच्या मागे पळून आधीच थकलेले होते. शेवटी अनवाणी प्रार्थनाफेरी काढायची ठरलं, सोसायटीपासून हायवेच्या फाट्यापर्यंत. सकाळी टँकर यायचा. हंडे भरल्याशिवाय बायका मोकळ्या होत नव्हत्या. म्हणून फेरी भर दुपारी निघाली.

डांबर मऊ झालं होतं. लोक चटक्यांनी नाचत चालत होते, कडेच्या वाळल्या गवतावर पाय टेकवत होते. मी मधोमध, सरळ, संथ चाललो होतो. मार्थाबाईंनी ते पाहिलं. मार्थाबाई आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या. बायकांच्या ओळीत पहिल्या बसतात आणि उशिरा येणाऱ्याला तिथूनच झापतात. त्या ओरडल्या, "बघा, बघा! पाळकसायबाचे पाय भाजंनात! द्येवानं हात धरला हाय!"

सगळे माझ्या पायांकडे बघू लागले. तेव्हाच मला समजलं होतं, ह्याच्यात देवाचा हात नाही, काहीतरी गडबड आहे. तरी मी खाली मान घालून गात राहिलो. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

बीडच्या दवाखान्यात पायाची दोन बोटं काढली. आधी एक्स-रे, रक्त, लघवी, पुन्हा रक्त. 'एचबीए-वन-सी' नावाची एक तपासणी असते. गेल्या दोनतीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते ती सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. मी तसा प्रयत्न केला होता, म्हणून सांगतो. 'डॉपलर' म्हणजे पायात रक्त पोचतंय का ते बघणं. माझ्या पायात पोचत होतं, म्हणून पाय वाचला. "नशीब," डॉक्टर म्हणाले. मी नेहमीप्रमाणे "देवाची कृपा" म्हणायला तोंड उघडलं, आणि मला माझाच वीट आला.

शेजारच्या कॉटवर नूरभाई होते, बीडचे फळविक्रेते. त्यांचाही पाय, तीच साखर. माझ्याकडे येणारे लोक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात हे त्यांनी दोन दिवस पाहिलं. मग म्हणाले, "पास्टरसाब, लोकांचे आजार तुमी दुवा करून घालवता म्हणे. मंग हितं कावून आलात?"

"पाय दाखवायला," मी म्हणालो.

"मी बी जिंदगीभर दुसऱ्याला आंबे इकले अन् शुगर मलाच झाली," ते हसले. "धंद्याचा शाप हाय बे दोघांना."

त्या वॉर्डात माझ्याशी सरळ बोलणारे तेवढेच. बाकीच्यांनी जीव नकोसा केला. एक पाळकबंधू आले, खुर्ची ओढून जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "काही गुप्त पाप असेल तर कबूल करा, बरे व्हाल." दुसरे आले ते रविवारची उपासना कोण घेणार हेच विचारायला. केळी, चिकू, बिस्किटं आणणारे तर रोजच. साखरेच्या पेशंटला चिकू! पाळकाच्या भेटीला जाणाऱ्यांनो, उपदेश आणि चिकू दोन्ही घरी ठेवा. त्याच्या बायकोला दोन तास झोपू द्या, ती मोठी मदत. आणि मंडळीच्या वडिलांनो, पाळक आजारी पडायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी उपासना चालवायला शिकवा. मी कुणालाच शिकवलं नव्हतं. माझ्यावाचून अडावं, असं मला आतून हवं होतं.

एक दिवस मार्थाबाई आल्या. चालताना धाप लागत होती, ओठ कोरडे पडले होते, आणि सुनंदानं आणलेला पाण्याचा तांब्या त्यांनी उभ्या उभ्या संपवला. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. ही तहान आम्हा दोघांच्या ओळखीची होती. साखर मार्थाबाईंनाही होती.

"मार्थाबाई, तुमच्या साखरेच्या गोळ्या?" मी विचारलं.

"कवाच बंद केल्या की. तुमी साक्ष दिली त्या दिशीच."

त्या आनंदानं सांगत होत्या. मी म्हणालो, "बाई, फेरीत माझे पाय भाजले होते. मला कळलं नाही, कारण नसा मेल्या होत्या. ही बघा, बोटं काढली. तुम्ही गोळ्या सुरू करा."

त्यांनी माझ्या पट्टीवर हात ठेवला. "न्हाई ओ पाळकसायब. ही तुमची परीक्षा चाललीय. दुखणं बोलतंय तुमच्या तोंडानं. आमी हाव ना, तुमच्या वाटचा इस्वास आमी धरतो." आणि त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली, की पाळकसाहेबांचा डळमळलेला विश्वास पुन्हा उभा कर.

त्या गेल्यावर मी सुनंदावर चिडलो, नर्सवर चिडलो. आयुष्यात कधी नव्हे ते खरं बोललो आणि ते नम्रता म्हणून खपलं! सुनंदा शांतपणे फळं आवरत होती. म्हणाली, "अर्धंच सांगितलंत तुम्ही. पायाचं सांगितलं. गोळ्या घेत होतात ते कुठं सांगितलं?"

घरी सोडलं तेव्हा एका खास चपलेवर आणि कुबडीवर चाललो होतो. दिवसातून दोनदा इन्सुलिन. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज आरशात तळवे बघायचे आणि अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. उपासनेतही नाही. उपवास धरायचा तर आधी विचारायचं. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर माणूस बेशुद्ध पडतो. हे सगळं मी पाळतो. त्यापेक्षा अवघड होतं मार्थाबाईंचं घर.

त्या ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होत्या. सून आत होती. मी कुबडी भिंतीला लावली आणि बसायच्या आधीच बोललो, नाहीतर बोललोच नसतो.

"मार्थाबाई, साक्ष दिली त्या सकाळी मी गोळी घेतली होती. त्यानंतरही घेत राहिलो. बीडहून आणत होतो, कुणाला दिसू नये म्हणून. फेरीच्या दिवशीही माझ्या खिशात होत्या."

सूप थांबलं.

"तुमी घेत हुता?"

"हो."

"अन् मी सोडल्या."

"हो."

"ठाव हुतं तुमाला, मी सोडल्या म्हनून?"

इथे मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी मला तसं कधी सांगितलं नव्हतं. पण साक्षीनंतर त्यांनी मंडळीत हात वर करून स्तुती केली होती, ती कशाबद्दल हे मला कळत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

"अंदाज होता," मी म्हणालो.

त्या उठल्या. मला वाटलं, रडतील, नाहीतर माफ तरी करतील. आम्हा पाळकांना माफीची फार घाई असते. त्या आत बघून ओरडल्या, "आगं, चप्पल दे माजी. सरकारी दवाखान्यात जायचंय." मग माझ्याकडे वळल्या. "तुमी जा आता. लई लबाड मानूस निघालात. माज्या दारात पुन्हा याचं न्हाई."

सुनेनं त्यांना नेलं. साखर इतकी वाढलेली होती की तीन दिवस ठेवून घेतलं. डोळ्यांवर परिणाम झालाय, पण थोडा. मूत्रपिंडं ठीक आहेत. गोळ्या सुरू आहेत, हे सून सुनंदाला सांगते.

पुढच्या रविवारी मी सगळ्या मंडळीसमोर उभा राहिलो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. टाळ्या नाहीत, रडणं नाही. मागून एकजण म्हणाला, "मंग पावसाचं बी असंच का?" पाऊस अजूनही नाही. काही घरं यायची थांबली. मला काढावं की ठेवावं याचा निर्णय मंडळीच्या वडिलांनी अजून घेतलेला नाही.

पाळकांनो, तुम्हाला धीर द्यायला मी हे लिहायला घेतलं, आणि हे असं झालं. धीर म्हणून माझ्याकडे एवढंच आहे: गोळी घ्या, आणि घेतो म्हणून सांगा. पुरतं सांगा. लोक कदाचित निघून जातील, पण निरोगी निघून जातील.

मार्थाबाई उपासनेला येत नाहीत. बायकांच्या ओळीत आता कुणीच कुणाला झापत नाही. परवा टँकरपाशी त्या दिसल्या. दोन हंडे घेऊन न थांबता, धाप न लागता चालल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी तिथेच कुबडीवर टेकून उभा राहिलो आणि देवाचे आभार मानले. बऱ्याच वर्षांत इतके खरे आभार मानले नव्हते.