मॅग्नेशिया वगळणार नाही

आकांक्षा लोअर परळच्या चाळीतली. वडील बुद्धभूषण गोदीत क्रेन चालवायचे. एमएस्सी झाल्यावर नातेवाइकांनी बँकेच्या परीक्षा सुचवल्या; तिनं दादरच्या एका कॉलेजात पीएचडी धरली. विषय विचारला की सांगायची, "मिठासारखे साधे स्फटिक दाबले, तिरके सरकवले तर किती दाद देतात, ते गणितानं काढायचं." यावर पुढचा प्रश्न बहुतेक लग्नाचा यायचा.

तिचे मार्गदर्शक राकेश सर. उमेदीत त्यांनी एक सूत्र बसवलं होतं. प्रत्येक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, ही एक कडक गोळी, आणि दोन गोळ्यांमधली ओढ सरळ रेषेत. असं धरलं की दोन आकडे सारखेच यावे लागतात: एका बाजूनं दाबल्यावर आडवा किती जोर पडतो तो पहिला, तिरकं सरकवताना किती विरोध होतो तो दुसरा. मिठात ते प्रयोगातही जवळपास सारखे निघतात. मॅग्नेशियात, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये, दुसरा पहिल्याच्या दीडपटीहून मोठा.

"तेवढा एक गाळून टाक," सर म्हणाले. "बाकीचे जुळतायत ना?"

"तो गाळला तर बाकीचे का जुळतात, तेही कळणार नाही, सर."

"तुला डिग्री हवीय की वाद?"

"डिग्रीच हवीय. पण याच्यासकट."

ऑक्सिजनचा आयन कडक नसतो, शेजाऱ्यांच्या दाबानं तो आकसतो-फुगतो, हे इतरांनी आधीच मांडलेलं होतं. तिनं ते गणितात घातलं. आकडे वेगळे झाले, हव्या त्या दिशेनं. सरांनी कागद बघितलेही नाहीत. प्रबंधावरची त्यांची सही अडली.

"सही करून घे, मग लिही काय ते," आई म्हणाली.

बुद्धभूषण जेवत होते. "क्रेनवर वजन जास्त झालं की घंटी वाजते. घंटीच काढून टाक म्हणणारा साहेब मीपण बघितलाय."

"मग तुम्ही काय केलंत, पप्पा?"

"खाली उतरलो. बदली केली त्यानं माझी." त्यांनी ताट सरकवलं. "तू जेवून घे."

तिनं मार्गदर्शक बदलायचा अर्ज दिला. शीवच्या कॉलेजातल्या प्रिती मॅडमनी तिला घेतलं. त्यात दोन वर्षं गेली. प्रबंधात मॅग्नेशियाचं प्रकरण सगळ्यात मोठं झालं.

तोंडी परीक्षेला राकेश सर येऊन पुढच्याच रांगेत बसले. "ऑक्सिजन किती फुगतो, तो आकडा तुम्ही प्रयोगाला जुळवूनच घेतलात ना?"

आकांक्षानं प्रबंधाचं ते पान उघडलं. "हो, एक आकडा जुळवून घेतला. तसं लिहिलंय. त्यावरून अणूंच्या कंपनांचे आकडे काढले, ते जुळवलेले नाहीत. जिथे चुकतात, तेही छापलंय."

परीक्षकांनी पुढचं पान उलटलं. तासाभरात पदवी जाहीर झाली.

बाहेर जिन्यात सरांनी तिला गाठलं. "ते प्रकरण मला पाठव. एकदा बघतो."

"पुढच्या महिन्यात सगळ्यांसाठी खुलं होईल, सर," आकांक्षा म्हणाली. "तेव्हा वाचा." आणि ती पप्पा उभे होते तिकडे चालू लागली.