चिमट्याने केलेला घोटाळा

उरणच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, तेव्हा मला संशोधक व्हायचं वेड लागलं होतं. लोखंडाचा कीस आणि गंधक तापवून मी आयर्न सल्फाइडचा काळा खडा तयार केला, तो तांब्याच्या चिमट्यात धरला, समोर जस्ताची पट्टी टांगली आणि दोन्ही बरणीतल्या मिठागराच्या पाण्यात सोडली. व्होल्टमीटरचा काटा हलला. मी टेबलाभोवती चक्क नाचलो.

पण काटा रोज वेगळं बोलू लागला. वही चाळली, तर शिपाईमामांनी बरणी भरली की आकडा वर, मी भरली की खाली. म्हणजे मामाच मुद्दाम काहीतरी करत होते! खड्यावर आम्ल ओतलं तेव्हा सुटलेल्या सडक्या अंड्यांच्या वासावरून त्यांनी वर्गासमोर नाक दाबलं होतं, हेही मी विसरलो नव्हतो.

मामांना पकडायला मी रोज संध्याकाळी जमिनीवर खडूची पूड पसरू लागलो. सकाळी पुडीत चपलांचे ठसे सापडत. माझ्याच. मामा अनवाणी चालत. तरीही मी तक्रार नेलीच. मुख्याध्यापक म्हणाले, "सोमवारी काढून टाकतो त्याला. पण आधी डोळ्यांनी बघा, मास्तर."

शनिवारी मामांना माझ्यासमोर पाणी भरायला लावलं. त्यांनी बरणी काठोकाठ भरली.

"एवढी कशाला?"

"मंग अर्दी देऊ? आमच्यात पानी मागनाऱ्याला असं न्हाय देत."

मी काट्याकडे टक लावून होतो, मामा बरणीत बघत होते. "मास्तर, दगडासंगं तुमचा चिमटाबी बुडालाय. हिरवा पडलाय बगा. व्होडीत तांब्याचा खिळा लोखंडाशेजारी ठोकला, तर खारं पानी असाच घोटाला करतं."

मी दोन बोटं पाणी उपसलं. चिमटा वर आला आणि काटा मुकाट माझ्या आकड्यावर उतरला. अर्धी वही मी खड्याची म्हणून चिमट्याची कारागिरी लिहीत बसलो होतो!

तसाच मुख्याध्यापकांच्या घरी धावलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग सोमवारी कुणाला काढू?" मी तक्रार मागे घेतली.

सोमवारी मामांनीच घंटा दिली. नंतर बरणी टेबलावर ठेवली, दोन बोटं रिकामी.

"मास्तर, आज खडूची पूड न्हाय टाकली? बरं झालं. झाडून झाडून कंबर गेली व्हती."