त्याच्यासाठी तळघर

आमचा मुलगा ओरडतो. आता तो त्याच्या बाबांपेक्षा उंच झालाय, पण जन्मापासून त्याला बोलता येत नाही. आनंद झाला तरी ओरडतो, भ्याला तरी ओरडतो. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये वरच्यांनी, खालच्यांनी, सगळ्यांनी आपापल्या परीनं सोसलं. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक जण हात जोडून म्हणाला, "वाईट वाटतं हो, पण आमच्याही घरात तान्हं बाळ आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही खाली मान घालून घरी आलो.

पाथर्डीकडे मळ्याच्या वाटणीत यांना एक प्लॉट मिळाला होता. तिथं घर बांधायचं आणि त्याच्यासाठी तळघर काढायचं, असं यांनी ठरवलं. पुरतं जमिनीत नाही. अर्धं खाली, अर्धं वर. म्हणजे वरच्या अंगाला झरोके ठेवता येतील, त्याला उजेड मिळेल, आणि मातीमुळे आवाज बाहेर जाणार नाही. जेवणं झाली की हे ताटं बाजूला सारून कागदावर रेघा ओढायचे. झोपाळा इथं. पंख्याला जाळी. माझी कॉट दाराशी. इतकं बोलताना मी यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आर्किटेक्ट बाई तरुण होत्या. यांचा कागद त्यांनी टेबलावर सरळ करून ठेवला.

"सर, तळघरात राहायची खोली मंजूर होत नाही. सामान, गाडी, पाण्याची मोटर, एवढंच."

"अजून वर उचललं तर?"

"एका उंचीपर्यंतच. त्याहून वर गेलं की तो मजला धरतात. मग मोठ्या खिडक्या द्या, खुशाल राहा."

"मोठ्या खिडक्या दिल्या तर आवाजाचं काय?"

त्या हळूच म्हणाल्या, "काही लोक नकाशात स्टोअर दाखवतात..."

"म्हणजे माझं पोरगं सामान म्हणून दाखवू?" यांचा आवाज चिरकला.

बाई ओशाळल्या. "तसं नाही, सर. मीही ते करणार नाही. पाणी भरलं, आग लागली, तर खालच्या माणसाला निघता येत नाही, म्हणून हा नियम आहे. त्याला दार उघडता येतं का?"

येत नव्हतं. शिवाय तो रस्त्यावर धावत सुटतो म्हणून बाहेरून कडी लावायची, हेही आमचं ठरलेलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. यांनीही नाही.

तरी यांची आशा सुटेना. जमीन कशी आहे ते तरी बघू म्हणून यांनी खड्डा घ्यायला लावला. मधे दोन-तीन दिवस पाऊस लागला. उघडीप मिळाल्यावर आम्ही तिघं गेलो. काळ्या मातीचा खड्डा गढूळ पाण्यानं अर्धा भरला होता. मुलानं माझा हात घट्ट धरला, खाली वाकून पाहिलं आणि ओरडला. आवाज खड्ड्यात घुमून परत आला, तसा तो आणखी जोरात ओरडला. मला ते ऐकवेना. यांनी त्याला मागून मिठी मारली, मागे ओढलं आणि म्हणाले, "चला." खड्डा यांनी दुसऱ्याच दिवशी बुजवायला सांगितला.

पुढं घर बांधलं, चारचौघांसारखं, बिनतळघराचं. मागची खोली त्याला दिली. महिनाभरात शेजारचे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले, अगदी नम्रपणे. त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडून त्याची शांत राहायची गोळी वाढवून घेतली.

आता तो फारसा ओरडत नाही. दिवसभर भिंतीला टेकून बसतो. मी भरवायला बसते, तेव्हा घास कितीतरी वेळ तोंडातच राहतो. "गीळ बाळा, गीळ," म्हणत मी त्याच्या गळ्यावरून हात फिरवत राहते. हे बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसलेले असतात. जेवण आटपेपर्यंत आत येत नाहीत.