पहिला घोट खुडणारीचा

विसरवाडीच्या फाट्यावरच्या त्या चहावाल्याचं नाव मी विचारलंच नाही. सिलोन स्वतंत्र झालं, तरी करारानं तिथलं बंदर इंग्रजी आरमाराकडे आणि चहाचे मळे इंग्रज कंपन्यांकडेच, हा उघडा दरोडा! असं सांगणारं पत्रक मी त्याच्या टपरीवर लावायला गेलो होतो. नव्या किटलीतला पहिला घोट तो जमिनीवर ओतायचा, पिण्याआधी देवाच्या नावानं मोहाची दारू ओततात तसा. मी वाचून दाखवलेलं पत्रक त्यानं पूर्ण ऐकलं.

“भाऊ, तठे पान कोन खुडस?”

“मजूर बाया.”

“मन्हा चहा आसामना, तो बी बाईच खुडस. पहिला घोट तिन्हा. तुन्हा कागदमा करार शे, बंदर शे, बाई कोठे शे?”

मी चरफडलो, पण तिथंच पेननं सगळ्यात वर तिच्यासाठी एक ओळ लिहिली. त्यानं पत्रक टांगलं आणि हसत मला कप दिला. पिण्याआधी मीही घोटभर जमिनीवर ओतला.